लंबकाचा आलेख आणि माझा शेरा

आमच्या महाविद्यालयाच्या स्मरणिकेत माझा उल्लेख ‘संगणक शिकवण्यासाठी योग्य भाषा निवडणारे दूरदृष्टीचे विभागप्रमुख’ असा आला आहे. सोबत फोटोही आहे. ते वाक्य खोटं आहे. तसं सांगू शकणारी आता दोनच माणसं उरली आहेत, आणि दुसरा माणूस आपणहून बोलणार नाही. म्हणून मी लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. वर्ध्याच्या आमच्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला संगणकावर गणितं करणं आणि आलेख काढणं शिकवायचं ठरलं. मार्ग दोन होते, दोन संगणकभाषांचे. एक फोर्ट्रानचा. प्रोग्राम कागदावर लिहायचा, तो नागपूरला पाठवून कार्डांवर पंच करून घ्यायचा, आणि आठवड्याने छापील उत्तर आणायचं. दुसरा बेसिकचा. महाविद्यालयाने नुकतंच एक छोटं यंत्र घेतलं होतं. ते वाचनालयातल्या टीव्हीला जोडलं की कळ दाबताच पडद्यावर ठिपका उमटायचा.

मी फोर्ट्रानवाला. उन्हाळी वर्गात ते शिकून आलो होतो आणि खरं विज्ञान त्यातच होतं अशी माझी ठाम समजूत होती. टीव्हीवरच्या यंत्राला मी खेळणं म्हणत असे. प्राचार्य म्हणाले, “दोन महिने करून बघा आणि लेखी अहवाल द्या.”

नागपूरला ये-जा करायचे आमचे प्रयोगशाळा परिचर. अल्लीपूरचे, शेतकरी घरातले, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे. मुलं त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काका म्हणत असे. दर गुरुवारी ते एसटीने आमचे कागद न्यायचे आणि आधीच्या आठवड्याची कार्डं व छापील कागद घेऊन परत यायचे. कार्डांच्या गठ्ठ्याच्या कडेवर त्यांनी पेन्सिलीने एक तिरपी रेघ ओढून ठेवली होती. गठ्ठा विस्कटला की रेघ जुळवत कार्डं लावायची. ही युक्ती त्यांना कुणी शिकवली नव्हती. बसमध्ये एकदा कार्डं सांडली, त्यानंतर त्यांची त्यांनीच ती काढली. मी ती पुढे वर्गात माझी म्हणून सांगितली, हेही इथेच सांगून टाकतो.

पहिला प्रयोग मी साधा घेतला. लंबकाची लांबी चाळीस सेंटिमीटरपासून दहा-दहाने वाढवायची, दर वेळी एका आंदोलनाला किती सेकंद लागतात ते मोजायचं, आणि त्या काळाचा वर्ग लांबीसमोर मांडायचा. सरळ रेषा यायला हवी. मुलांना सोपं जावं म्हणून प्रोग्राममध्ये मी नावं मराठी ठेवली. काळाला ‘काळ’च म्हटलं, इंग्रजी अक्षरांत. या कल्पनेचा मला मोठा अभिमान वाटत होता. हाताने आलेख काढायला मी मुलांना मनाई केली. म्हटलं, या वेळी यंत्रच काढेल.

आठवड्याने कागद आला. ठिपक्यांऐवजी छापलेल्या चांदण्यांची ओळ नव्वद सेंटिमीटरपर्यंत अगदी सपाट गेली होती आणि शंभरला एकदम उंच उडाली होती.

“सर, नव्वदपर्यंत लंबक झोपला होता का?” मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, आणि वर्ग खदखदून हसला.

मला ते लागलं. मी काकांकडे वळलो. “स्टॉपवॉचला चावी कोण देतं?”

“मीच देतो जी. रोज सकाळी.”

“मग नीट देत जा. तुमच्या हयगयीने मुलांचे आठवडे वाया जातात.”

हसणं थांबलं. काकांनी घड्याळ उचललं, कानाला लावलं आणि पुन्हा जागेवर ठेवलं.

प्रयोग पुन्हा केला, कागद पुन्हा नागपूरला गेले. आलेखात तीच सपाट ओळ आणि शेवटची पायरी पुन्हा आली. आणि त्याच आठवड्यात प्राचार्यांनी माझ्याकडे शेरा मागितला. प्रयोगशाळा सहायकाची जागा रिकामी झाली होती आणि काकांचं नाव त्यासाठी पहिलं होतं. बारा वर्षं परिचर राहिलेल्या माणसाला ती एकच पायरी वर जायची होती. मी लिहिलं: ‘उपकरणांच्या देखभालीत निष्काळजी. जबाबदारीच्या पदासाठी तूर्त योग्य नाही.’ सही केली आणि पाकीट कार्यालयात दिलं.

दोन दिवसांनी दुपारी काका प्रयोगशाळेची वही घेऊन माझ्यापुढे उभे राहिले.

“सर, एक काम होतं. पोट्ट्याईनं लिव्हलेले हे आकडे त्या टीव्हीवाल्या मशिनीत टाकून पाह्यजा. माह्यासमोर.”

“कशासाठी?”

“सत्तर सेंटिमीटरवर एक पॉइंट अडुसष्ट येते. बारा वर्सं झाले, मी पाहून राह्यलो. वहीत बी तेच हाये. मंग कागदावर पायरी काऊन येते?”

मी वैतागलोच होतो, पण उठलो. बेसिकमध्ये पाच-सहा ओळी लिहिल्या. काका एकेक आकडा वाचत गेले, मी टाकत गेलो. पहिला ठिपका, दुसरा, तिसरा. शंभरचा पडला तोवर मला काय ते दिसलं होतं. ठिपके एका रेषेत चालले होते, पट्टी ठेवावी असे.

“घड्याळ बरोबर हाये मंग,” काका म्हणाले. वही मिटून ते गेले.

मी फोर्ट्रानचा कागद पुढे ओढला. चूक सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. फोर्ट्रानमध्ये ठरावीक इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारं नाव, वेगळं सांगितलं नाही तर, पूर्ण संख्येचं धरलं जातं आणि दशांश गळून पडतो. ‘काळ’चं पहिलं अक्षर त्यातलंच. एक पॉइंट अडुसष्टचा एक होत होता, नव्वदपर्यंतच्या सगळ्यांचाच एक, आणि शंभरच्या दोन पॉइंट शून्य एकचा दोन. हा नियम मला पाठ होता. उन्हाळी वर्गात नावं इंग्रजी होती, म्हणून तो कधी नडला नव्हता.

मी अहवाल लिहिला. शिकवण्यासाठी बेसिक घ्यावं, कारण आलेख डोळ्यांसमोर उमटला तर चूक माणसाची की प्रोग्रामची हे त्याच बैठकीत कळतं; आठवड्याने कळलं तर तोवर दोष कुणाच्या तरी माथी बसलेला असतो. हे दुसरं वाक्य मी लिहिलं आणि खोडलं. अहवालाचं कौतुक झालं. दुसऱ्या महाविद्यालयांतून लोक बघायला आले. शेरा मात्र मी परत मागितला नाही. मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. जागेवर दुसरा माणूस आला आणि काका परिचर म्हणूनच निवृत्त झाले.

तरी त्यानंतरच्या साऱ्या वर्षांत मी जे काही बरं शिकवलं, ते त्या दुपारचं आहे. आकडा मांडून बघा, लगेच बघा, आणि आधी स्वतःच्या प्रोग्रामवर संशय घ्या. माझे विद्यार्थी आज मोठ्या यंत्रांवर काम करतात आणि पत्रांतून याच गोष्टीचे आभार मानतात. ते आभार चुकीच्या पत्त्यावर येत राहिले.

स्मरणिका हाती आली त्या आठवड्यात मी इथवरचा मजकूर घेऊन अल्लीपूरला गेलो. काका अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्यानेच बोलायला लागलो, तर म्हणाले, “बसा तं सर. चहा घ्या पह्यले.” चहा झाल्यावर मी सगळं वाचून दाखवलं. शेऱ्याची ओळही वाचली.

“मले माहीत होतं,” ते म्हणाले. “ऑफिसातल्या बाबूनं त्याच दिवशी सांगतलं.”

“माहीत असूनही तुम्ही आकडे घेऊन माझ्याकडे आलात?”

“म्हणून तं आलो जी. आकडे खोटे नोयते. वाटलं, सर दुसऱ्या दिवशी पोट्ट्याईसमोर सांगतीन.”

“वाट पाहिलीत?”

“पाह्यली.” मग हसले. “निकाल यायले नागपूरपेक्षा बी उशीर लागला.”

मी म्हटलं, काका, माझ्याकडे माफी मागायला तोंड नाही. ते म्हणाले, तोंड हाये ना, मंग वाचा अजून एक डाव. आणि दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, “सूनबाई, इकडं ये वं. तुह्या नवऱ्याले बी बलाव. सर आले हायेत, माह्यं लिव्हून आणलं हाये.”

सून पदराला हात पुसत आली, मुलगा गोठ्यातून आला. शेजारचे दोघे कुंपणापाशी थांबले. काकांनी मला खाटेवर आपल्या शेजारी सरकवून घेतलं. मी चष्मा पुसला आणि शेऱ्याची ओळ न वगळता, पहिल्यापासून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.