मोटरसायकलवरची मधली जागा

लेकीच्या लग्नाच्या खरेदीत काल हिरव्या चुड्यापाशी आले. दुकानदाराने कागद उलगडला, काच किणकिणली आणि मी ओतूरच्या आमच्या ओसरीवर जाऊन बसले.

नव्वदच्या दशकातला हिवाळा होता. शहरांत दंगली पेटल्या होत्या, आणि आमच्याकडेही माणसं जपून बोलत होती. दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं.

"वहिनी, या टायमाला जुबेदाबाईंना नका बोलवू. वातावरण बरं न्हाई," काका म्हणाले.

"भाऊजी, माझा चुडा तिनंच भरला व्हता. पोरीचाबी तीच भरंल," आई म्हणाली.

जुबेदामावशी जुन्नरची बांगडीवाली, आईची जुनी मैत्रीण. सकाळच्या एसटीने ती एकटीच आली. "हात ढिला सोड, पोरी," म्हणत तिने माझी बोटं दाबली. तिची नजर मात्र सारखी दाराकडे जात होती. मला वाटलं, परतीच्या एसटीची घाई. चुडा भरून झाल्यावर रीतीप्रमाणे मी तिच्या पाया पडले.

दुपार कलल्यावर काकांनीच मोटरसायकल काढली. "चला, घरी सोडतो."

आईने पदर खोचला. "मीबी येते. जुबे, तू मधी बस."

"लई दाटी व्हईल गं," मावशी हसली.

"व्हऊ दे."

मला रागच आला. घरात एवढी कामं पडलेली, आणि ही निघाली फिरायला.

आता कळतं. वाटेत कुणी अडवलं असतं, तर त्याची गाठ आधी पुढच्या काकांशी नाहीतर मागच्या आईशी पडली असती.

चुडा तिथेच ठेवला आणि दुकानातूनच जुन्नरला फोन लावला. मावशीच्या सुनेला म्हटलं, "लेकीचा चुडा त्यांनीच भरायचा. न्यायला मी स्वतः येते."