क्लिपचे कानातले

मला सोन्याचं वेड कधीच नव्हतं. मला वेड खोट्याचं. जुन्या सिनेमांतल्या नट्या घालायच्या तसले मोठाले कानातले, काचेच्या खड्यांचे हार, पदराला लावायचे ब्रोच. नाहूरच्या आमच्या छोट्या फ्लॅटमधलं एक अख्खं कपाट त्यांनी भरलंय. जास्तीचे नग कधीतरी मोबाइलवर फोटो टाकून विकते, पण विकताना जीव जातो. हे आईकडून आलं. आजोबा गिरणीत, बाबा गिरणीत, घरात चैन कसली ती नव्हती. पण स्टुडिओत फोटो काढायला जायचं म्हटलं की आई केसांचा उंच फुगा घालायची, डोळ्यांच्या कडेला काजळाची शेपटी ओढायची आणि शेजारणीचे पांढरे प्लास्टिकचे कानातले मागून आणायची. परत देताना तिचा चेहरा पडायचा.

गेल्या वर्षी ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं, माझ्या मावशीची पार्ल्याची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. ती सगळं काढून टाकतेय. तुझ्या कामाचं असेल काहीतरी. जाऊन ये ना."

गेले. मावशी ऐंशीच्या, एकट्या राहणाऱ्या, आवाज मात्र पंचविशीतला. तरुणपणी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. त्यांनी पत्र्याचा एक डबा माझ्यापुढे सरकवला.

"घेऊन जा. नाहीतर जायचंय ते कचऱ्यातच."

"ह्याचे काय देऊ, मावशी?"

"वेडी आहेस का? खोटं आहे सगळं."

घरी येऊन डबा पलंगावर उपडा केला, आणि त्यात ते सापडले. मोत्यांचा गुच्छ, मध्ये निळा खडा, मागे टोचायची दांडी नाही, दाबून बसवायची क्लिप. घातले आणि आरशात बघितलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत मी आईच्या फोटोसारखी दिसत होते. दुसऱ्या दिवसापासून ते कानातले माझ्या कानांवर, ऑफिसलासुद्धा. संध्याकाळी पाळ्या ठणकायच्या, तरी काढवत नव्हते.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी, ऑफिसात जेवणाचा डबा खाताना मावशींचा फोन आला.

"त्या डब्यात माझे क्लिपचे कानातले होते का गं? निळ्या खड्याचे? चुकून गेले वाटतं. लहानपणी माझी कानाची पाळी फाटली, मला दुसरं काही घालताच येत नाही. शनिवारी आम्ही एक्स्चेंजच्या सगळ्या जणी भेटतोय, चाळीस वर्षांनी. तेव्हा मी रोज तेच घालायचे. नटी म्हणायच्या मला."

ते त्या क्षणी माझ्या कानात होते. डाव्या कानावर तर मोबाइल त्याच खड्याला टेकला होता.

"विकले गेले, मावशी," मी म्हणाले.

कसं आलं तोंडून, माहीत नाही. विचार केलाच नव्हता.

"बरं. राहू दे मग. मीच दिले ना." फोन ठेवला त्यांनी.

तिथून माझी वाट लागली. भाजीत मीठ दोनदा पडलं. कानातले काढून कपाटात ठेवले, मग पर्समध्ये, मग परत कपाटात. नवरा म्हणाला, "झालंय काय तुला? सारखी काय उठतेस?" त्याला सांगितलं नाही. स्वतःशी मात्र सारखी भांडत होते. त्यांनी दिले होते, मागून आणले नव्हते. दिलेलं परत मागतं का कोणी? आणि त्यांना एका दिवसासाठी हवेत, मी तर ते जपणार आहे. मुद्दे सगळे बरोबर होते, आणि एकही पटत नव्हता.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर कानातले रुमालात गुंडाळून निघाले. घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला उतरले, पार्ल्याला जायला रिक्षासुद्धा थांबवली. रिक्षावाला विचारतोय, "कुठे जायचं?" आणि मी पर्समधला रुमाल चाचपतेय. काय सांगणार होते मावशींना? गिऱ्हाइकाने परत केले म्हणून? "नाही, राहू दे," म्हणून मागे फिरले. शुक्रवारीही गेले नाही. शनिवार दिवसभर घड्याळ बघत घालवला. आत्ता त्या निघाल्या असतील, आत्ता पोचल्या असतील. संध्याकाळ झाल्यावर वाटलं, संपलं, आता सुटले. पण कसली सुटते! रविवारी सकाळी पोहे अर्धे टाकून उठले आणि थेट पार्ल्याला जाऊन बेल वाजवली.

मावशींनी दार उघडलं. मी आत न जाता रुमाल पुढे केला.

"परत मिळाले होय?" त्यांचा चेहरा उजळला. "त्या बाईचा नंबर दे मला. आभार तरी मानते."

दुसरं खोटं जिभेवर तयार होतं. पण ते बाहेर येईना.

"विकले नव्हते मावशी. मीच घालत होते. तुमचा फोन आला तेव्हाही."

त्यांनी माझ्या हातातून रुमाल घेतला. मग आत वळल्या, खुर्चीत बसल्या. "ये आत. दारात उभी राहून रडू नकोस. शेजारी बघतात."

मला रडू येतंय हे मला तेव्हा कळलं.

"कालचं कसं झालं?" मी विचारलं.

"झालं. केस पुढे ओढून कान झाकले मी. कोणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही. निम्म्या जणींना धड दिसत नाही. मला ओळखलं ते आवाजावरून." त्या हसल्या नाहीत. "पण मला माहीत होतं ना, कान रिकामे आहेत ते."

त्यांनी रुमाल उलगडून कानातले तळहातावर घेतले.

"मागितले असतेस तर दिले असते गं कायमचे, शनिवार झाल्यावर. आता नाही देणार."

"नकाच देऊ."

"आणि बाकीचा डबाही आण. टाकायचंच होतं ना मला सगळं, तर आता नाही टाकणार."

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले. त्यांनी एकेक वस्तू उचलून बघितली. हा हार पहिल्या पगाराचा. हा ब्रोच शिफॉनच्या साडीवर, वार्षिक समारंभाला. ही बांगडी सासूने बघून नाक मुरडलं ती. मला त्यांनी चहा दिला, बिस्किटं दिली, राग मात्र लपवला नाही. मध्येच म्हणायच्या, "हेही घातलंस का?" मी खरं सांगायची. बहुतेक घातलेलंच होतं. शेवटी कपाटाचं दार उघडून त्यांनी डबा आत ठेवला आणि कुलूप लावलं, माझ्यासमोर.

घरी येताना हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

आता मावशी भाड्याच्या जागेत गेल्यात, दिंडोशीला. मैत्रिणीकडून कळतं. मी दिवाळीला फोन केला, तर नीट बोलल्या, पण "ये" म्हणाल्या नाहीत. मी अजून काही नवीन घेतलेलं नाही. परवा मुलुंडला एका दुकानाच्या काचेमागे लाल खड्यांचा जुना सेट दिसला. दोनदा पुढे गेले, दोनदा मागे आले. दुकानदार बाहेर येऊन म्हणाला, "बघा ना ताई, बघायला काय जातंय?" मी पर्स घट्ट धरून तिथेच उभी होते.