भांडण झालं म्हणजे माणूस गेला का?

मंडळी, आज मी नवऱ्याच्या ऑफिसात जाऊन तमाशा केला. लिहितानाही कान गरम होतायत.

सकाळी आमचं भांडण झालं. निघताना सागर म्हणाला, "आत्ता मी रागात आहे. संध्याकाळी बोलू." तो फुलंब्रीला नोकरीला जातो. दुपारपर्यंत त्याने माझा एकही फोन उचलला नाही आणि माझ्या मनाने घेतलं की हा आता परत येत नाही. माझे वडील भांडण झालं की घर सोडून जायचे, आठवडा आठवडा यायचे नाहीत.

मी स्कूटी काढली आणि थेट फुलंब्री गाठली. त्याच्या ऑफिसात मीटिंग चालू होती. सगळ्यांसमोर मी ओरडले, "सोडायचंय तर तोंडावर सांग नं."

सगळे खाली बघायला लागले. सागरने मला बाहेर आणलं, पाणी दिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"मीटिंगमुळं फोन सायलेंटवर होता," तो हळू म्हणाला. "लई राग आलाय मला. पण राग आला म्हणून मी कुठं जाणार नाय. संध्याकाळी घरीच येणार."

आणि तो आला. मी माफी मागितली.

"राग उतरायला वेळ लागंल," तो म्हणाला. "वांग्याची भाजी करू का?"

आत्ता तो कांदा चिरतोय, माझ्याशी धड बोलत नाहीये, आणि मी इथं बसून रडतेय.

रागावलेला माणूसही आपलाच असतो, यावर तुमचा विश्वास कसा बसला? मला खरंच सांगा.