हिमनदी कुठून बघायची

लेकीनं फोनवर विचारलं, "आई, जहाजातून हिमनदी कुठून बघू? खोलीच्या बाल्कनीतून, डेकवरून, की हेलिकॉप्टरनं थेट बर्फावर उतरून?"

हेलिकॉप्टर म्हटल्यावर मला माझे वडील, दादा, आठवले. ते फौजेत होते. त्यांनाही हेलिकॉप्टरच हिमनदीवर सोडायचं.

ते पहिल्यांदा तिथून सुट्टीवर साताऱ्याला आले, तेव्हा आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, पण ओवाळेना. शेजारचे तात्या तिथंच हिमदंशानं हाताची तीन बोटं गमावून आले होते. "आवं, आदी हात दावा," ती म्हणाली. दादांचे लोकरी हातमोजे निघता निघेनात. आईनं एकेक बोट दाबून मोजलं. दहा भरली, तेव्हाच ओवाळलं. मला वाटलं, घरात घेताना बोटं मोजायचीच असतात.

लेकीला म्हटलं, "बाल्कनीतून बघ. आणि आलीस की दारातच थांब. आधी हात दाखव."