टँकर आणि पहिला अल्बम

कलावंताचं पहिलं काम ही एक पवित्र घटना असते, आणि ती अनुभवायला मन मोकळं लागतं. आमच्या मंडळात खिडक्या मात्र बंद लागतात.

मंडळ म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणाऱ्यांचं मंडळ. शनिवार पेठेतल्या एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातल्या एका रविवारी सकाळी भरतं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. साठचं दशक संपता संपता विलायतेतल्या काही पोरांना असं वाटू लागलं, की तीन मिनिटांच्या गाण्यात आपलं म्हणणं मावत नाही. मग त्यांनी वीस-वीस मिनिटांची गाणी केली, त्यांत ऑर्गन आणला, बासरी आणली, सात आणि अकरा मात्रांचे ताल आणले, आणि रेकॉर्डच्या वेष्टनावर अर्थ न लागणारी चित्रं छापली. यातलं बरंचसं संगीत फार सुंदर आहे. मला ते कॉलेजपासून मनापासून आवडतं. त्रास होतो तो ते आवडणाऱ्या इतर माणसांचा.

पुण्यात कुठलीही आवड फार काळ नुसती आवड राहत नाही. तिची कार्यकारिणी होते. आमच्याकडे अध्यक्ष आहेत, चिटणीस आहेत, प्रास्ताविक आहे, परिचय आहे, आणि शेवटी आभारप्रदर्शन आहे, जे कायम माझ्याकडे असतं. सुरुवातीला समई लावतात. इलेक्ट्रिक गिटार ऐकण्यापूर्वी समई कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. उत्तर मिळालं, "पंखा तसाही बंदच असतो, आवाज करतो म्हणून. मग ज्योत विझायची भीती नाही. लावायला काय हरकत आहे?" मी काडेपेटी पुढे केली.

अध्यक्ष माझा कॉलेजपासूनचा मित्र. एका कारखान्याच्या डिझाइन विभागातून निवृत्त झालेला. त्याच्या घरी लोखंडी कपाटं भरून एलपी रेकॉर्डी आहेत आणि त्या कपाटांच्या किल्ल्या तो वहिनींच्या दागिन्यांच्या किल्लीपेक्षा जपून ठेवतो. या वर्षीचा विषय त्यानेच सुचवला: पदार्पण. म्हणजे या संगीतातले थोर पहिले अल्बम, दर महिन्याला एक, दोन्ही बाजू, मध्ये न बोलता.

विषय चांगला होता. पहिल्या अल्बमात एक धिटाई असते. पुढे ती बँडवाली मंडळी श्रीमंत होतात, भांडतात, वकील करतात. पण त्या पहिल्या रेकॉर्डमध्ये त्यांना अजून कोणी नको म्हटलेलं नसतं. माझा मित्र हे माझ्यापेक्षा पुष्कळ चांगलं सांगतो, आणि पुष्कळ जास्त वेळ सांगतो. दर बैठकीत त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं. "विशी-बाविशीची पोरं होती हो. कुणी ऐकून घेत नव्हतं. त्यांच्या घरच्यांनी तरी तेव्हा ऐकलं असेल का?"

सभागृह हळहळायचं. मी छताकडे बघायचो. कारण त्याच्या स्वतःच्या मुलीने एक पहिला अल्बम केला होता, प्रोग्रेसिव्ह रॉकचाच, आणि तो त्याने ऐकलेला नव्हता.

मुलगी खराडीला एका आयटी कंपनीत आहे. तिचा बँड वाघोलीत एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये सराव करतो. ड्रम वाजवणारा यवतमाळकडचा, रांजणगावला कारखान्यात शिफ्ट करणारा; बाकी दोघं तिच्याच ऑफिसातले. अल्बम तयार झाला तेव्हा तिने बाबाच्या फोनवर लिंक पाठवली. बाबा म्हणाला, "असं फोनवर नाही ऐकायचं. बैठक मारून ऐकायला हवं." त्यानंतर दिवाळी झाली, संक्रांत झाली, तिचं ऑफिस एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत गेलं. बैठक काही झाली नाही.

एकदा ती माझ्याकडे आली. चहा घेता घेता म्हणाली, "काका, त्याला आवडलं पाहिजे असं नाही. शिव्या दिल्या तरी चालेल. पण एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू दे ना. तेवढंच."

"घरी का नाही लावत?"

"घरी तो बाबा असतो. तुमच्या त्या मंडळात तरी श्रोता असतो."

मी तो अल्बम आधीच ऐकला होता, दोनदा. पहिल्यांदा कौतुक म्हणून आणि दुसऱ्यांदा खरंच ऐकावासा वाटला म्हणून. त्याची सुरुवात वाघोलीच्या बाल्कनीतून होते. सकाळचा नगर रस्ता: हॉर्न, शेजारचा कुकर, आणि सोसायटीत मागे मागे येणारा पाण्याचा टँकर. मागे येताना तो जो टीं-टीं आवाज करतो, तो एकटा उरतो. मग ऑर्गन तोच सूर हलकेच उचलतो, आणि बऱ्याच वेळाने सात मात्रांत ड्रम येतात. ज्या गावात पाणी टँकरने येतं, तिथल्या पोरांनी त्या टँकरचंच गाणं करावं, हे मला आवडलं. विलायती पोरांनीही आपल्या गल्लीतलंच उचललं होतं. त्यांची गल्ली आपल्याला लांबची म्हणून भारी वाटते.

मी कार्यकारिणीत विषय काढला. पहिली अडचण नियमाची. आमच्याकडे फक्त एलपी वाजतात. "अल्बम म्हणजे दोन बाजू," चिटणीस म्हणाले. "याला बाजूच नाहीत." मी म्हटलं, मधोमध थांबवू आणि चहा घेऊ, बाजू उलटल्यासारखं होईल. यावर गंभीर चर्चा झाली. शेवटी चहाच्या मुद्द्यावर ठराव मंजूर झाला. अध्यक्ष मतदानात तटस्थ राहिला. घरचं माणूस असल्यामुळे तसं करणं उचित, असं त्याने स्वतःच सांगितलं.

ठरलेल्या रविवारी मुलगी लॅपटॉप घेऊन आली आणि मागच्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसली. बाकीचा बँड आला नाही. ड्रमवाल्याची शिफ्ट होती आणि इतरांना तिने येऊ नका म्हणून सांगितलं होतं. समई लागली. प्रास्ताविक झालं. आवाजाची पातळी अध्यक्षाने स्वतः ठरवली, बरीच खाली. "नव्या लोकांचं मुळातच मोठं असतं," तो म्हणाला. स्पीकर नेहमीप्रमाणे खिडक्यांच्या दोन बाजूंना होते. तिथेच प्लगची सोय आहे. खिडक्या मात्र अजून लावायच्या राहिल्या होत्या. "हं, कर सुरू," त्याने सांगितलं. मुलीने बटण दाबलं.

नगर रस्ता सुरू झाला.

सभागृहात थोडी चुळबूळ झाली. कुणीतरी च्च केलं. "हे बघा, रविवार सकाळ आणि ही वाहतूक," चिटणीस म्हणाले. कुकरची शिट्टी झाली तेव्हा पुढच्या रांगेतले एक गृहस्थ म्हणाले, "समोरच्या जोशीणबाईंचा दिसतोय," आणि शेजाऱ्याने मान डोलावली. मग टँकर मागे येऊ लागला.

टीं, टीं, टीं.

दोघांनी उठून एकेक खिडकी लावली. आवाज कमी होईना, म्हणून चिटणीसांनी तिसरी लावायच्या आधी बाहेर डोकं काढलं. "अहो टँकरवाले! वर कार्यक्रम चालू आहे! कळतं का काही?"

गल्लीत एकच माणूस होता. तो स्कूटरला किक मारत होता. खालून त्याचा आवाज स्पष्ट आला. "मी टँकर दिसतो का तुम्हाला?"

"तुम्हाला नाही म्हणत."

"मग कुणाला? दुसरं आहे कोण इथे?"

चिटणीसांनी खिडकी लावून घेतली. "उर्मट लोक," ते म्हणाले.

मी उठू लागलो. मुलीने माझी बाही धरली.

"अगं, सांगतो त्यांना."

"नको काका. सांगून ऐकलं तर त्याला काय अर्थ?"

मी खाली बसलो. राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. हीच माणसं. गेल्याच बैठकीत यांनी एक विलायती रेकॉर्ड ऐकली होती. तिच्या आरंभी नुसते रेल्वे यार्डातले आवाज आहेत, डबे एकमेकांवर आदळतात, कुणीतरी शिट्टी मारतं. तेव्हा यांनी डोळे मिटले होते. एकजण "औद्योगिक समाजाचं एकटेपण" असं काहीतरी बोलला होता, आणि ते इतिवृत्तात गेलं होतं.

दरम्यान अध्यक्ष उभा राहिला. बाहेरचा गोंधळ थांबेपर्यंत दोन शब्द बोलतो म्हणाला. ऑर्गन आला होता. टँकरच्या सुरावर हलकेच उभा होता. अध्यक्ष त्यावरून बोलत राहिला. पहिल्या अल्बमांचं दुर्दैव असं, की ते आले तेव्हा लोकांचे कान तयार नव्हते. काहीतरी नवं सुरू झालंय हेच मुळी लोकांना कळलं नाही. आणि ही विशी-बाविशीची पोरं हो...

"घरच्यांनी तरी" या त्याच्या ठरलेल्या वाक्यापर्यंत तो पोचला, आणि ड्रम आले.

"हां," तो म्हणाला, "सुरू झालं वाटतं." आणि बसला.

पुढचं त्याने खरोखर ऐकलं. हे मला त्याच्या बाजूने सांगायला हवं. डोळे मिटून, खुर्चीच्या हातावर बोटाने ताल धरून. सात मात्रांत त्याचं बोट आधी चुकलं, मग सावरलं, मग चुकेना. मुलगी संपूर्ण वेळ फक्त त्या बोटाकडे बघत होती. मध्ये चहा झाला. चहात कुणी एक शब्द बोललं नाही, कारण नियम आहे.

संपल्यावर प्रत्येकाने मत सांगायचं असतं, ज्येष्ठतेनुसार. पहिले गृहस्थ म्हणाले, "वाईट नाही." आमच्याकडे हे फार वरचं बक्षीस आहे, मुलीला ते माहीत असावं, कारण तिने मान खाली घातली. दुसरे म्हणाले, "जुन्यांची सर नाही. अर्थात ती आता जुन्यांनाही राहिलेली नाही." तिसऱ्यांनी बेस गिटारबद्दल चांगलं सांगितलं. मग अध्यक्ष.

तो बराच वेळ चष्मा पुसत बसला. "वादन पक्कं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या बाजूचा मधला भाग... तो मी पुन्हा ऐकेन." एवढं बोलून थांबला असता तर बरं झालं असतं. "पण एक त्रुटी आहे. थोर पदार्पणाला उंबरठा लागतो. हा अल्बम एकदम घरात शिरतो. याला सुरुवातच नाही."

"आहे, बाबा," मागून मुलगी म्हणाली.

"कुठे आहे?"

"पहिल्यापासून ऐक, म्हणजे कळेल."

"पहिल्यापासूनच तर ऐकलं मी. सगळ्यांनी ऐकलं."

"नाही ऐकलंस."

सगळे आपापल्या रिकाम्या कपांत बघू लागले. घरचा प्रश्न सभागृहात आला की पुणेकर कपात बघतो. चिटणीस घाईघाईने म्हणाले, "आता आभार."

मी उठलो. वाचनालयाचे आभार मानले, चहाचे मानले, कलावंतांचे मानले. मग पाण्याच्या टँकरचेही मानले. त्याच्याशिवाय आजचा कार्यक्रम झाला नसता असं म्हणालो. लोक हसले. अध्यक्षही हसला. मुलगी हसली नाही. तिने लॅपटॉप पिशवीत घातला, बाबाला "मी निघते, वाघोलीला प्रॅक्टिस आहे" असं सांगितलं, आणि जिना उतरून गेली.

जिन्यात मित्राने मला विचारलं, "चिडली का रे ती? त्रुटी सांगायची नाही का आता?"

"त्रुटी सांग," मी म्हटलं. "पण तिने सांगितलंय तसं ऐक आधी. आणि तोंड बंद ठेवून ऐक."

"मी कधी बोलतो ऐकताना?"

इतक्या वर्षांच्या मैत्रीत काही प्रश्नांना उत्तर न देणं हीच सभ्यता असते, आणि तिचाही मला आता कंटाळा आला आहे.

पुढचं मला वहिनींनी फोनवर सांगितलं. त्यांचा फोन खरं तर कोथिंबिरीच्या वड्यांचा डबा परत मागण्यासाठी होता.

"काल जेवण झाल्यावर हे खोलीत बसले होते," त्या म्हणाल्या. "लेकीचं लावलं होतं, कपाटाशेजारच्या त्या मोठ्या स्पीकरवर. मी चहा घेऊन गेले तर हे उठून खिडकी लावायला निघालेले. म्हटलं, काय झालं? तर म्हणे, बाहेर टँकर आलाय."

"मग?"

"मग काय. खिडकीशी गेले, कडीला हात लावला आणि तसेच उभे. किती वेळ! मी म्हटलं, अहो, चहा. तर बोटाने गप्प बस म्हणाले. मला! मग परत जाऊन पहिल्यापासून लावलं. चहा गार झाला तो झालाच. संध्याकाळी तिला फोन केला. काय बोलले ते दोघंही सांगत नाहीत." मग लगेच म्हणाल्या, "डबा उद्या पाठवा बरं का."

मी हो म्हटलं. त्यांची खिडकी मला माहीत आहे. ती रस्त्याकडे नाही, इमारतीच्या आतल्या डक्टात उघडते, आणि पावसाळ्यात लाकूड फुगल्यापासून ती लावलेलीच आहे.