कोपीपुढे दिलेला शब्द

देवणीच्या जवळच एका गावात, शाळेच्या फाटकासमोर गुरम्माचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याची टपरीच. माहेर सीमेपलीकडचं, त्यामुळे रागावली की कानडीत बोलायची आणि लाड करायचे झाले तरी कानडीतच. पोरांना आधी तिच्या तोंडाकडे बघून अंदाज घ्यावा लागायचा. नवरा गेल्यावर तिनं शेतही सांभाळलं आणि टपरीही. मुलगा-सून लातुरात डाळमिलवर कामाला, चौथीतली नात शिवांगी मात्र तिच्याजवळ. बाई खमकी. तिच्याशी हुज्जत घालायची तर सरपंचसुद्धा दहादा विचार करत. पण तोंडातून शब्द गेला की तो पाळायचा, एवढी ती सरळ होती, आणि तिचा घात त्या सरळपणानंच केला.

टपरीला तेव्हा चटकदार कुरकुरीत खाऊच्या रंगीत पुड्यांच्या माळा लटकायच्या. मधल्या सुट्टीत पोरं त्यांच्यावर तुटून पडत आणि शाळेतली खिचडी पातेल्यात तशीच राही. हे मृत्युंजय सरांना बघवेना. सर खेळाचे, तरुण, अंगात नुसता उत्साह. सकाळी पोरांना पळवायचे, मुलींना खो-खो शिकवायचे, आणि मैदानाला एक फेरी मारली की लेकरं धापा टाकतात म्हणून हळहळायचे.

वेळ अमावस्येला सर गुरम्माच्या शेतात जेवायला आले. त्या दिवशी या भागात गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. कडब्याची कोप उभारायची, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजायचे आणि बांधावरून जाणाऱ्यालाही हाक मारून भज्जी-आंबील वाढायची. भज्जी म्हणजे ओले दाणे आणि असतील नसतील त्या पालेभाज्या एकत्र शिजवलेल्या. एरवी घरात पालेभाजी दिसली की नाक मुरडणारी पोरं रानात हुंदडून येतात आणि ती भज्जी बोटं चाटून खातात. सरांनी ते पाहिलं आणि त्यांना भरूनच आलं. कोपीपुढे मांडी घालून बसल्या बसल्या म्हणाले, "मावशी, पुड्या विकणं सोडा. तुम्ही दाणे-लाह्या विका, मी पोरांना पळवतो. आपण दोघं मिळून ही लेकरं धडधाकट करू."

दुसरं कुणी असतं तर जेवताना झालेल्या गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. गुरम्मानं आंबिलीचा हात कोपीला लावला आणि म्हणाली, "हाव. दिला शब्द." सरांनीही हसत हात लावला. तिच्या लेखी दोघंही बांधले गेले. पांडवांसमोर बोललेलं कुणी मोडतं का?

दुसऱ्या दिवशी माळा उतरल्या. त्यांच्या जागी उकडलेले हरभरे आले, ज्वारीच्या लाह्या आल्या, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आले. पोरांनी तिच्या टपरीकडे पाठ फिरवून चौकातल्या दुकानाची वाट धरली. सून फोनवर कुरकुरली, शेजारणींनी म्हातारीला खूळ लागलं म्हणून तोंडाला पदर लावला. गुरम्मा हटली नाही. मग सर खेळाच्या तासाला पोरांना स्वतः टपरीवर आणू लागले, आधी मावशींचा लाडू आणि मग मैदान, असा त्यांनी दंडकच घातला. हळूहळू पोरांना लाडवांची चटक लागली. मावशींमुळे पोरं पळताहेत, असं सर चारचौघांत म्हणाले तेव्हा ती बाई आठवडाभर हवेत होती. उभ्या जन्मात तिला कुणी एवढं मोठं केलं नव्हतं.

मधे एकदा शिवांगीच्या दप्तरात पुडी सापडली. गुरम्मानं तिला मारलं, जन्मात पहिल्यांदा. लेकरू हुंदके देत म्हणालं, सगळेच खातात. "आपन शब्द दिलाय," म्हणून तिनं पोरीला गप्प केलं आणि त्या रात्री स्वतःही जेवली नाही.

यंदा शाळेच्या क्रीडादिनाला सरांनी निरोप धाडला, जिंकणाऱ्यांना तुमचेच लाडू द्यायचे. गुरम्मानं ठेवणीतलं इरकल नेसलं आणि लाडवांची पाटी डोक्यावर घेऊन निघाली. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि थबकली. मैदान तळहातासारखं सपाट झालेलं, पोरांच्या अंगात नवे पिवळे शर्ट आणि प्रत्येक पाठीवर पुडीचं चित्र. मंचावर पुडीवाल्या कंपनीचे पाहुणे बसलेले, समोरच्या टेबलावर पुड्यांचा ढीग. शिपायानं तिला पाटी पाण्याच्या टाकीमागे ठेवायला सांगितलं. तिला वाटलं, सरांना हे ठाऊक नसणार, कुणीतरी परस्पर केलं असणार. तेवढ्यात सरांनी तिला पाहिलं, लांबूनच हात जोडले आणि त्याच हातांनी पहिली पुडी उचलून एका पोराला दिली.

गुरम्मा मंचाच्या पायरीशी जाऊन उभी राहिली. सर खाली आले. त्यांना लाज वाटत असती तर तिला बरं वाटलं असतं. ते तर खुशीत होते. मैदान कंपनीनं करून दिलं, बूटही येणार आहेत, पोरं आता जिल्ह्याला पळतील, असं भरभरून सांगत होते. लाडवांचं मग बघू म्हणाले. शेवटी तिच्या दंडाला हात लावून, उपकार केल्यासारखं म्हणाले, "आणि मावशी, तुम्हीही ठेवा की पुड्या आता. मी कुठं अडवलंय?"

"सर, कोपीला हात तुमी बी लावला हुता."

सरांनी कपाळाला आठी घातली. खरंच आठवून बघत होते बिचारे.

"कोणती कोप?"

तिला रडू आलं नाही. केसानं गळा कापणाऱ्याला आपण गळा कापला हे ठाऊक तरी असतं. ह्या माणसाला तेवढंही ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या गावीही नसलेल्या शब्दापायी तिनं सख्ख्या नातीवर हात उगारला होता.

तेवढ्यात मुलींच्या पळण्यात शिवांगी पहिली आली. सरांनी तिची पाठ थोपटून हातात पुडी दिली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोर हसत वळली, समोर आजी दिसली आणि तिचं हसू मावळलं. दोन्ही हात पाठीमागे गेले. ती भीतभीत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "अज्जी, मी मागितली न्हाई. सरांनीच दिली. मारू नको."

सर पुढच्या पोराला पुडी देत होते.

गुरम्मानं नातीच्या हातातली पुडी घेतली, दातानं फोडली आणि तिच्या ओंजळीत ओतली.

"खा बाई," ती म्हणाली. "मारलं ते माजंच चुकलं."