दिजोंला तासभर

“लग्न करूनच फ्रान्सला जाणार हाय तो. पोरगी लई गुनी हाय,” सुधीरची आई स्वयंपाकघरात शेजारणीला सांगत होती.

आज शब्दकोशात फ्रेंच रेल्वेचं पिवळं वेळापत्रक सापडलं आणि भिंगारची ती दुपार आठवली. शिकायला निघालेल्या सुधीरसाठी महिनाभर मी प्रवास आखत होते. मोटार नाही, आगगाडीनंच, लहान गावांत उतरत. मनातल्या मनात त्याच्या शेजारी मीच बसत होते. हे त्याला कधी सांगितलं नव्हतं.

समोर बसलेला सुधीर हसला. “दिजोंला गाडी बदलायला तासभर? दहा मिनिटं पुरतील की!”

घाईत मी गोंधळते, म्हणून तो तास ठेवला होता. प्रवासाच्या आखणीचा कागद त्याच्याकडे सरकवत मी म्हणाले, “असू दे. तिची धावपळ नको.”